राखणदारासाठी बिनखताची बियर

आण्णांचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये पीएच मीटरचा इलेक्ट्रोड धूत होतो. आण्णा म्हणजे माझे सासरे. मोबाइलवर त्यांचं नाव दिसलं आणि मी ते दोनदा वाचलं, कारण लग्नाला सहा वर्षं होऊन गेली तरी त्यांनी मला कधी फोन केलेला नव्हता. त्यांचा फोन तेजस्वीला, म्हणजे माझ्या बायकोला, आणि माझी चौकशी करायची झाली तर तीही तिच्याकरवी. समोरासमोर असलो तरी हीच पद्धत. दिवाळीला आम्ही बदलापूरला गेलो की आण्णा ओट्यावर माझ्या शेजारी बसून आत हाक मारणार, त्यांना चहा द्या म्हणून. मी तिथंच, हातभर अंतरावर. मला राग यायचा नाही. काही माणसांना कमी ऐकू येतं, तसं आण्णांना माझ्याशी कमी बोलता येतं, अशी मी स्वतःची समजूत घालून टाकली होती. त्यांच्या पोरीनं कोर्टात जाऊन लग्न केलं, तेही बौद्धाच्या पोराशी, आणि त्या दिवशी ते आले नाहीत. पुढे हळूहळू दार उघडलं, ताट वाढलं, कपडेही केले, पण शब्द काही माझ्या वाट्याला आला नाही. म्हणून नाव दिसल्याबरोबर मनात आलं, कुणीतरी गेलं.

कुणी गेलेलं नव्हतं. आण्णा खाकरले, माझं जेवण झालं का विचारलं. मागे कोंबड्या कलकलत होत्या. मग एकदम त्यांनी सगळं सांगून टाकलं. यंदा भात बिनखताचं केलंय. पीक घरात आलंय. रविवारी राखण द्यायची आहे. दरवर्षी राखणदाराला देशी दारूची बाटली असते, पण यंदा शेतात कसलंही रसायन पडू दिलेलं नाही, तर मग ज्यानं शेत राखलं त्याच्याच डोक्यावर रसायन कशाला ओतायचं? राजूनं, म्हणजे माझ्या मेव्हण्यानं, मोबाइलवर दाखवलं की बियरसुद्धा बिनखताची मिळते. 'तुमी रसायनातलं जानकार,' आण्णा म्हणाले, 'तुमी चांगली बघून आना.' मी हो म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही. त्यांनी 'बरं, ठेवतो' म्हटलं आणि मी तो ओला इलेक्ट्रोड हातात घेऊन उभा राहिलो. बिनखताची हा शब्द मला फार आवडला. तसं शेणखत ते गाड्याच्या गाड्या टाकतात, पण त्यांच्या तोंडी खत म्हणजे युरिया. आणि तुमी. त्यांनी मला 'तुमी' म्हटलं होतं, 'त्यांना' नव्हे. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात बाहेर जाणारं पाणी तपासतो. दिवसभर माझ्याशी बाटल्या बोलतात. त्या दिवशी दुपारी मी शिट्टी वाजवत पाण्याचे नमुने भरले, आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मला पगारवाढ झाली का म्हणून विचारलं.

आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग त्याच्यात एक खडा लागला. खडा असा की मी दारू पीत नाही. न पिण्यात माझं कर्तृत्व काही नाही. आमच्या घरी कुणीच पीत नाही. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली रविवारी आई पंचशील म्हणते, आणि पाचव्या शीलाला तिचा आवाज जरा चढतो, शेजारच्यांनाही ऐकू जावा म्हणून. बियर कडू असते, पिवळी असते आणि तिला फेस येतो, एवढं मला सिनेमातून माहीत. आणि राखणदाराला तर मी मानतच नाही. शेताच्या बांधावर कुणी अदृश्य माणूस उभा आहे, तो रानडुकरं हाकलतो आणि पीक घरात आलं की कोंबडा, नारळ, बाटली मागतो, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही, आणि शिरू द्यायचं नाही अशी आमच्या घराची शपथ आहे. म्हणजे ज्याला मी मानत नाही त्याला द्यायला, जे मी पीत नाही ते, मी पारखून आणायचं. हसू यावं अशीच गोष्ट होती. तेजस्वीला सांगितलं तर ती खरोखरच पोट धरून हसली. कणकेचे हात तसेच वर धरून म्हणाली, आण्णांनी तुझा नंबर मागितला तेव्हा मला वाटलं पीक विम्याचं काहीतरी असेल. मग हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती ओट्याकडे वळली. सहा वर्षं तिनं दोन्हीकडची वाक्यं इकडून तिकडे वाहून नेली होती. आता ती सुटली, असं तिला वाटत असणार. मी तिला पुढचं काही सांगितलं नाही.

पुढचं म्हणजे माझे आजोबा. धोंडिबा त्यांचं नाव. मुरबाडकडच्या एका गावात ते राहायचे, आणि वेशीवरच्या देवाला राखण द्यायची वेळ आली की टोपली त्यांच्या डोक्यावर यायची. कोंबडा पाटलाचा, भात पाटलाचा, बाटली पाटलाची. पण काळोखात ती वेशीपर्यंत न्यायची आजोबांनी, आणि दगडावर दारू ओतायची तीही त्यांनीच, कारण तिथलं काही अंगावर येणार असेल तर ते त्यांच्या अंगावर यावं. पाटील आणि बाकीची मंडळी लांब, दिव्याच्या उजेडात. काम झालं की मागे न बघता घरी यायचं. बस म्हणायचं नाही कुणी. छप्पनच्या दीक्षेनंतर आजोबांनी टोपली उचलली नाही. पाटलाचे निरोपांवर निरोप आले, तेव्हा त्यांनी सांगून पाठवलं, तुमचा देव, तुमचीच टोपली. हे वाक्य आमच्या घरात आई अशा थाटात सांगते की पाटील आत्ताच उंबऱ्यावरून परत गेला असं वाटावं. लहानपणी मी ते आरशासमोर म्हणून बघायचो, कमरेवर हात ठेवून. आणि आता त्याच आजोबांचा नातू, एमएस्सी झालेला, राखणेची बाटली घेऊन निघालेला. आण्णांनी मला जावई म्हणून सांगितलं, की त्यांच्याही नकळत, कुठल्या तरी जुन्या सवयीनं त्यांना आठवलं की हे काम सांगायचं कुणाला? रात्रभर हा प्रश्न माझ्या उशीशी बसून होता. शेजारी तेजस्वी गाढ झोपलेली, तोंडावर हसू. तिला हे विचारणं म्हणजे तिच्या बापाकडे बोट दाखवणं, आणि तेही सहा वर्षांनी त्यांनी तोंड उघडलं त्याच दिवशी.

शनिवारी शेअर रिक्षानं उल्हासनगरला गेलो, कॅम्प तीनला. अंबरनाथमध्ये दुकानं नाहीत असं नाही, पण तिथं विहारातलं कुणीतरी बघणारच. आपल्याला कुणी बघेल ही भीती काही चुकीचं करणाऱ्यालाच वाटते असं नाही. मला ती बरोबर करतानाही वाटते. वाईन शॉपच्या समोर जीन्सची दुकानं, दोऱ्यांवर लटकलेल्या पँटींची रांग. त्यातल्या एका पँटीआड मी बराच वेळ उभा राहिलो. दुकानदारानं माझ्या कमरेचं माप नजरेनं घेऊन तीन पँटी काढल्यासुद्धा. शिलाई मशिनींचा आवाज वरच्या मजल्यावरून येत होता, निळ्या रंगाचा वास गल्लीभर होता, आणि माझ्या लक्षात आलं की मला भीतीपेक्षा मजाच जास्त वाटते आहे. सासऱ्यांसाठी काहीतरी आणायला मी बाजारात आलो आहे. जगातले सगळे जावई हे करतात. मी पहिल्यांदा करत होतो. मी रस्ता ओलांडला.

वाईन शॉपचे शेठ सिंधी, वयस्कर, चष्मा कपाळावर. मी ऑर्गॅनिक बियर मागितली तेव्हा त्यांनी चष्मा खाली घेऊन मला नीट पाहिलं. कुणासाठी म्हणून विचारलं. सासऱ्यांसाठी, मी म्हटलं, आणि तो शब्द तोंडात इतका गोड लागला की मी विनाकारण परत म्हटला, सासऱ्यांसाठी, बदलापूरला असतात. राखणदाराचं नाव काढायचा धीर झाला नाही. शेठ मराठी-हिंदी मिसळून म्हणाले की सासऱ्याला द्यायची तर घाई करायची नाही, साईं, आणि मागच्या गोडाऊनमध्ये गेले. गिऱ्हाईकं खोळंबली. एकानं माझ्याकडे बघून जिभेनं च्यक केलं. शेठ परत आले ते दोन वेगवेगळ्या बाटल्या घेऊन. दोन्ही पुण्याकडच्या कुठल्याशा छोट्या कारखान्यांच्या, दोन्हींवर हिरवं पान. मग मी जे केलं ते त्या काउंटरवर आधी कुणी केलं नसावं. खिशातून भिंग काढलं आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लागलो. जव कुठला, यीस्ट गाळलंय की नाही, टिकवायला काय घातलंय. पहिल्या बाटलीत सगळं स्वच्छ होतं. दुसरी त्याहून स्वच्छ, पाणी कुठल्या विहिरीचं तेही लिहिलेलं, आणि खाली एक ओळ होती की हिच्यात अल्कोहोल नाही. अजिबात नाही.

मला कुणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखं झालं. बिनखताची आणि बिननशेचीही. शील राहतं, शब्दही राहतो. आण्णांना सेंद्रिय बियर हवी, ही सेंद्रिय बियर. आईला सांगता येईल की यात काही नाही, सरबतच समज. आजोबांनासुद्धा सांगता येईल. मी ती बाटली हातात घेऊन जवळजवळ पैसे काढले. मग डोळ्यांसमोर आलं की आण्णा ती दगडावर ओततायत. वर्षभर त्यांनी त्या शेतात खुरपणी केली, औषध मारू दिलं नाही, कडुनिंबाचा पाला कुटून कुटून हात हिरवे केले, आणि मग ज्याच्यावर भरवसा ठेवला त्याला ते मोठ्या विश्वासानं फसवी बाटली देतायत. राखणदार नसेलही, माझ्या मते नाहीच. पण आण्णा आहेत. आणि त्यांनी मला जाणकार म्हटलं होतं. ही बाटली देणं म्हणजे त्यांना भेट नव्हे, माझ्याच मनाला केलेला आहेर. द्यायचं तर ज्याला द्यायचं त्याच्या तोंडाचं द्यावं, नाहीतर सरळ नाही म्हणावं, आजोबांनी म्हटलं तसं. नाही म्हणायची वेळ मी फोनवरच घालवली होती, आणि खरं सांगायचं तर मला नाही म्हणायचंच नव्हतं. मी पहिली बाटली पुढे सरकवली. हिच्यातल्या दोन द्या, म्हटलं. शेठ वर्तमानपत्रात गुंडाळायला लागले, काळी पिशवी काढली, मग थांबले. सासऱ्याला काळ्या पिशवीत देणार का, असं स्वतःलाच विचारून त्यांनी खालच्या खणातून दिवाळीचा एक उरलेला खोका काढला, बाटल्या त्यात आडव्या निजवल्या आणि वर सोनेरी फीत बांधली. फितीची गाठ तीनदा सोडून बांधली. मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली.

घरी खोका टेबलावर ठेवला आणि आई, सुंदराबाई तिचं नाव, लगेच म्हणाली, काजूकतली? मी खरं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलायला मला कधी जमलेलं नाही. तिला माझ्या कानांवरून कळतं. तिनं सगळं ऐकलं, राखणेसकट. तिनं खोक्याची फीत बोटानं चाचपली, खुर्ची ओढून बसली आणि विचारलं, 'त्यांनी तुला बोलावलंय, का नुसतं आणून द्यायला सांगितलंय?' माझा रात्रभराचा प्रश्न तिनं एका दमात माझ्यापुढे ठेवला. मी आठवून पाहिलं. तुमी आना, एवढंच म्हणाले होते. या म्हणाले नव्हते. मी आईला तसं सांगितलं. तिनं तसबिरीकडे पाहिलं. मला वाटलं आता पाटलाची गोष्ट येणार. पण ती म्हणाली, 'जाऊन ये. बस म्हणाले तर बस. नाही म्हणाले तर खोका खाली ठेव आणि माघारी ये, भांडू नको.' आणि उठून माझा निळा शर्ट इस्त्रीला काढला. लग्नकार्याचा तो शर्ट आहे. तेव्हा मला कळलं की तिलाही वाटतंय, त्यांनी बस म्हणावं.

रविवारी दुपार कलती झाल्यावर मी आणि तेजस्वी निघालो. कुळगाव मागे पडलं, टॉवर संपले आणि रिक्षा कच्च्या रस्त्याला लागली. प्रत्येक खड्ड्याला खोक्यात बाटल्या किणकिणत होत्या आणि मी तो मांडीवर बाळासारखा धरला होता. थंडीचे दिवस, कापलेल्या भाताचे बुडखे, पेंढ्यांची उडवी, त्या उन्हात सगळ्याला कोरड्या गवताचा वास. इतका चांगला दिवस होता की माझी भीती मलाच शोभेना. आण्णा रस्त्याच्या कडेला उभे होते, स्वच्छ धोतरात. त्यांनी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग ते माझ्याकडे आले. खोका बघून गोंधळले. तेजस्वीनं आत काय आहे ते सांगितलं. मी घाईघाईनं जव, यीस्ट, टिकवायचं औषध नाही वगैरे सांगायला लागलो, तर त्यांनी हात वर केला. तुमी बघून घेतली ना, मग झालं, म्हणाले, आणि माझ्या हातातला खोका काढून स्वतःच्या बगलेत मारला. मी धरून ठेवायचा प्रयत्न केला, उगीच, शिष्टाचार म्हणून. त्यांनी सोडला नाही.

बांधावर एक जुना ऐनाचा वृक्ष, त्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड. सासूबाई, राजाबाई, नारळ सोलून बसल्या होत्या. राजू कोंबडा धरून होता आणि कोंबडा त्याला धरून होता. मी चपला काढल्या आणि माझे पाय आपोआप थांबले, झाडापासून बरेच लांब. कुणी थांबवलं नव्हतं. मी तिथं कधी आलोही नव्हतो. पण पायांना ठाऊक असावं तसे ते थांबले, आणि मला आजोबांच्या त्या दिव्याच्या उजेडाची आठवण झाली, फक्त आता लांब मी होतो आणि दगडाशी आण्णा. कुठं उभं राहायचं ते कळेना. हात कुठं ठेवायचे तेही कळेना. आण्णा वळले. त्यांनी मला पाहिलं, मग माझे पाय पाहिले. त्यांचा चेहरा जरा ओढला गेला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी दगडाच्या अगदी शेजारी, स्वतःच्या जागेला लागून पसरला आणि म्हणाले, 'तिथं कशाला? हितं बसा.' मी जाऊन बसलो. टॉवेलाला त्यांच्या घामाचा आणि साबणाचा वास होता. पुढचा काही वेळ मला नीट दिसत नव्हतं.

बाटली काढली तेव्हा कळलं की ओपनर नाही. बियर आणणाऱ्यानं ओपनर आणायचा असतो हे मला कोण सांगणार? राजू हसायला लागला, म्हणाला, 'दाजी, तुम्ही एकदम शुद्ध माणूस.' आण्णांनी विळ्याची पाठ लावून टोपण उडवलं आणि इतक्या खड्ड्यांतून मांडीवर झुलत आलेली ती बियर फसफसून वर आली, आण्णांच्या मनगटावरून, धोतरावरून, माझ्या निळ्या शर्टावर. कोंबडा सुटला. राजू त्याच्यामागे बुडख्यांतून धावत सुटला, तेजस्वी खाली बसून हसत होती, सासूबाई नारळ टाकून पदरात तोंड लपवत होत्या, आणि आण्णा, ज्यांना मी सहा वर्षांत हसताना बघितलं नव्हतं, ते खांदे हलवत हसत होते, फेसानं भरलेले. मला वाटलं आता काहीतरी करावं, मदत करावी. मी त्यांच्या हातातली बाटली धरायला हात पुढे केला. द्या, मी ओततो, म्हटलं. ते हसायचे थांबले. त्यांनी बाटली मागे घेतली. 'नाय,' ते हळू म्हणाले, 'तुमी बसा. शेत माजं, राखन माजी, वतायचं बी मीच.' त्यांना मुरबाडचं काही ठाऊक होतं का, तेजस्वीनं कधी सांगितलं होतं का, की त्यांच्या बापानंही कुणाच्या डोक्यावर टोपली दिली होती, मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही. त्यांचा आवाज मात्र मला पुरला.

कोंबडा सापडला. आण्णा दगडासमोर उभे राहिले, धोतर नीट केलं, सगळे उठले, मीही उठलो. त्यांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, मोठ्या खड्या आवाजात, शेताच्या पार टोकाला कुणी उभं असेल त्याला ऐकू जावं तसं. बाप्पा राखनदारा, म्हणाले, यंदा पीक तुज्या किरपेनं घरात आलं. मग घरातल्या एकेकाचं नाव. बायको, राजू, गाय, वासरू, तेजस्वी. मी हात जोडले नव्हते. ते बाजूला सोडून उभा होतो आणि मला त्याची लाज वाटत होती आणि वाटत नव्हतीही. आण्णा थांबले. श्वास घेतला. आणि हात तसाच वर ठेवून ते बोलले.

'ह्यो माजा जावय, धम्मदीप. त्यो तुला मानत नाय. दारू पीत नाय. तरी तुज्यासाठी दुकानात हुबा रायला. तवा सगल्यांच्या आदी त्याला सांभाल.'

त्यांनी बाटली उलटी केली. फेस दगडावरून खाली, मातीत गेला. मग ते वळले, माझ्याकडे बघितलं, आणि कुणाच्याही मध्यस्थीशिवाय, काळजीनं विचारलं, 'खोटं नाय ना बोललो?'

'नाही आण्णा,' मी म्हटलं. 'एक शब्दसुद्धा नाही.'